मतांचा ताळेबंद
(हिवरे बाजार येथील जिल्हा बैठकीत केलेलं भाषण)



आज आपण हिवरे बाजारला बसलो आहोत. हे गाव बघायला देशभरातून माणसं येतात. डोंगरावरचे चर बघतात, बांध बघतात, फोटो काढतात आणि परत जातात. पण या गावाची खरी कमाई डोंगरावर दिसत नाही, ती कागदावर दिसते. पावसाळा सरला की इथली ग्रामसभा बसते. पाऊस किती मिलिमीटर झाला ते मांडते, विहिरींचं पाणी किती वर आलं ते मांडते. आधी माणसाजनावरांच्या पिण्याचं पाणी बाजूला काढते आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिकं घ्यायची ते ठरवते. ऊस नाही, केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. याला ही मंडळी पाण्याचा ताळेबंद म्हणतात. चारशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणारं हे गाव टँकरवाचून उभं राहिलं ते या ताळेबंदावर.

आज मी पाण्यावर बोलणार नाही. त्या विषयात इथली माणसं माझ्यापेक्षा जाणती आहेत. मी बोलणार आहे मतांवर. कारण पाण्याचा थेंब न् थेंब मोजणारा शेतकरी मत मात्र न मोजता देऊन टाकतो. कोणाला दिलं हे त्याला माहीत असतं. कशासाठी दिलं, त्या मताने काय होऊ शकतं आणि काय होऊच शकत नाही, याचा हिशेब कुठे मांडलेला नसतो. संघटनेला कोणताही पक्ष नाही. म्हणून आज इथे कोणाला मत द्या हे मी सांगणार नाही. मताचा हिशेब कसा मांडायचा, एवढंच सांगणार आहे.

एका वर्षात दोन निकाल

आधी २०२३-२४ सालची हकीकत आठवू. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवलं. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य लावलं. एवढ्यानेही शहरातला भाव पुरेसा पडेना, म्हणून ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातच बंद करून टाकली. नेप्ती असो, घोडेगाव असो की लासलगाव, भाव कसा कोसळला ते इथे बसलेल्या प्रत्येकाच्या पट्टीवर लिहिलेलं आहे. बंदी ३१ मार्चपर्यंत म्हणून सांगितली होती. मार्च सरत आला तेव्हा ती पुढे ढकलली. एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टनांची वाट काढून दिली, तेव्हा आपल्या लाल आणि गावठी कांद्याने काय घोडं मारलं होतं, असा सवाल गावोगाव उठला.

मग ४ मे २०२४ रोजी बंदी उठली. तीही ५५० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क मागे ठेवून. आपल्या नगर मतदारसंघात मतदान होतं १३ मे रोजी. म्हणजे पाच महिने कांदा चाळीत सडला आणि मतदानाला नऊ दिवस उरले तेव्हा सरकारला जाग आली.

४ जूनला निकाल लागला. राज्यातल्या ४८ जागांपैकी ३० महाविकास आघाडीला, १७ महायुतीला आणि सांगलीची एक अपक्षाला. कांद्याच्या पट्ट्यात दिंडोरीत केंद्रातल्या मंत्री भारती पवार यांना शिक्षक असलेल्या भास्कर भगरे यांनी हरवलं. नाशिक, धुळे, शिर्डी, शिरूर सगळीकडे सत्तारूढ बाजू पडली. आपल्या नगरमध्ये निलेश लंके २८,९२९ मतांनी निवडून आले. याच मतदारसंघात २०१९ साली सुजय विखे सुमारे २ लाख ८१ हजार मतांनी आले होते. हे सगळं एकट्या कांद्याने झालं असं मी म्हणणार नाही. आरक्षणाचा प्रश्न होता, राज्यघटनेची चर्चा होती, पक्ष फुटल्याचा राग होता. पण कांद्याचं वजन त्या काट्यावर नव्हतं, असं म्हणणारा माणूस बाजार समितीत कधी गेलेला नाही.

पुढे सहा महिन्यांतच, २० नोव्हेंबर २०२४ रोजी, विधानसभेचं मतदान झालं. २८८ पैकी भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७, अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ४१. तिघांच्या मिळून २३०. जूनमध्ये ज्यांचा जयजयकार झाला, त्या तिन्ही मोठ्या पक्षांच्या मिळून ४६. आपल्या जिल्ह्यातल्या १२ पैकी १० जागा महायुतीकडे गेल्या. नगर लोकसभेत मोडणारे सहा विधानसभा मतदारसंघ म्हणजे शेवगाव, राहुरी, पारनेर, नगर शहर, श्रीगोंदा आणि कर्जत-जामखेड. या सहापैकी पाच जागा महायुतीकडे गेल्या.

लगेच शहरातले शहाणे लिहू लागले की शेतकऱ्याची स्मरणशक्ती थोडी, पंधराशे रुपये आले आणि कांदा विसरला. भावांनो, हे खोटं आहे. ज्या बाईच्या खात्यात पहिल्यांदाच तिच्या नावाने पंधराशे रुपये आले, तिने त्याचा विचार केला तर तो तिचा हक्क आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचं बिल माफ झालं, त्याचाही विचार शेतकऱ्याने केला. यात विसरण्याचा प्रश्न येत नाही. पण दुसरी एक गोष्ट झाली आणि तीच आज मला मांडायची आहे. मे महिन्यात मतदाराने दिल्लीचा प्रश्न दिल्लीच्या निवडणुकीत विचारला. नोव्हेंबरमध्ये मुंबईला विचारायचा प्रश्न आपल्याकडे तयारच नव्हता. आपण विचारला नाही, म्हणून त्यांनी त्यांचा प्रश्न विचारला आणि उत्तरही त्यांनीच पुरवलं.

कोणत्या घरी काय मागायचं

आपली रीत कशी आहे बघा. खासदाराकडे आपण सभामंडप मागतो. आमदाराकडे कांद्याची निर्यात मागतो. आणि सरपंचाकडे कर्जमाफी मागतो. तिघेही मान डोलावतात, कारण जे त्यांच्या हातातच नाही त्याला हो म्हणायला काही लागत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून ताळेबंदाचं पहिलं पान असं मांडा.

दिल्लीचं घर म्हणजे लोकसभा. निर्यात, आयात आणि त्यावरचं शुल्क हा परदेशी व्यापाराचा विषय आहे आणि तो पूर्ण केंद्राचा आहे. निर्यातबंदी येते ती संसदेत चर्चा होऊन येत नाही. १९९२ च्या परदेशी व्यापार कायद्याखाली एक अधिसूचना निघते, रात्रीतून निघते आणि सकाळी लिलावात भाव पडलेला असतो. साठ्यावर मर्यादा येते ती १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली. गहू, तूर, सोयाबीन, कापूस यांचे हमीभाव, उसाची एफआरपी, खताचं अनुदान, तेलाची आयात, सगळं तिथलं. खासदाराला विचारायचं ते हे. अधिसूचना निघण्याआधी संसदेपुढे आलीच पाहिजे, यासाठी तू काय करणार? पुढची बंदी आली तर सभागृहात उभा राहणार की पक्षाच्या व्हीपमागे लपणार?

मुंबईचं घर म्हणजे विधानसभा. शेती, पाणी आणि बाजार हे घटनेने राज्याच्या यादीत घातले आहेत. बाजार समितीचा कायदा १९६३ चा, तो विधिमंडळाचा. २०१६ साली फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, हे ठरवलं ते राज्याने. ती प्रत्यक्षात कोणाच्या पट्टीतून कापली जाते हे बघणं आमदाराचं काम आहे. दोन साखर कारखान्यांमधलं २५ किलोमीटरचं अंतर राज्याचं. पंपाला वीज दिवसा की रात्री, हे राज्याचं. कुकडीचं आवर्तन, साकळाईची उपसा योजना राज्याची. नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडायचं याचं भांडण चालतं तेही २००५ सालच्या राज्याच्या कायद्यावर. भूजलाचा २००९ चा कायदा राज्याचा.

आणि तिसरं घर आपल्या दारातलं, ग्रामसभा. कोणत्या पाण्यावर कोणतं पीक घ्यायचं, हे दिल्ली सांगू शकत नाही आणि मुंबईही सांगू शकत नाही. ते हिवरे बाजारने सांगून दाखवलं. इथे १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, पुढे तीस वर्षं पंचायत बिनविरोध होत आली आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रथमच मतदान झालं. सातही जागा त्यांच्याच गटाला मिळाल्या. काही जणांना वाटलं की निवडणूक लागली म्हणजे गावाची एकी मोडली. मला तसं वाटत नाही. बिनविरोध निवडणूक हे गावाचं भूषण नव्हे आणि मतदान हा कलंकही नव्हे. निवडून कोणीही येवो, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडावाच लागतो, हे गावाचं भूषण. हिशेब मागण्याची सवय निवडणुकीपेक्षा मोठी असते. ती असली की निवडणुकीचं भय राहत नाही.

गर्दी आणि मतदारसंघ

आता दुसरं पान. इथे शेतकरी चळवळीचा इतिहास थोडा आठवला पाहिजे. १९८० साली चाकणला कांद्याचं आंदोलन झालं, १९८१ साली निपाणीला तंबाखूचं. शरद जोशींच्या सभांना लाखांनी शेतकरी जमला. अशी गर्दी भल्याभल्या पक्षांना जमली नाही. पण १९९० साली विधानसभेत संघटनेचे आमदार गेले ते मोजके. शरद जोशी स्वतः संसदेत गेले ते २००४ साली आणि तेही राज्यसभेवर. लोक म्हणतात की शेतकरी सभेला येतो आणि मत जातीला देतो. त्यात काही तथ्य असेलही, पण सगळं नाही. आपल्या निवडणुकीची रीतच अशी आहे की राज्यात किती मतं मिळाली याला किंमत नाही, एका मतदारसंघाच्या आत किती मिळाली याला आहे. एक लाख शेतकरी चाळीस मतदारसंघांतून आले, तर प्रत्येक मतदारसंघाच्या वाट्याला अडीच हजार येतात. सभेत ते लाख दिसतात. मोजणीच्या टेबलावर ते अडीच हजारच असतात.

याच्या उलट उदाहरण राजू शेट्टींचं. शिरोळमधून २००४ साली विधानसभा, हातकणंगल्यातून २००९ आणि २०१४ साली लोकसभा. का जमलं? तिथे उसाचा शेतकरी एका पट्ट्यात दाटीने आहे, एकच पीक, एकच भांडण, गाळप हंगाम एकाच वेळचा. पण २०१९ आणि २०२४ ला तिथेही हार झाली, हेही विसरू नका. दाटी असली की संधी मिळते, हमी मिळत नाही.

आपल्या नगर मतदारसंघात पिकं एक नाहीत. पारनेरला कांदा, वाटाणा आणि ज्वारी. श्रीगोंद्याला ऊस आणि लिंबू. जामखेडला उडीद. शेवगावला कापूस. पाथर्डीचं रान थोडं आणि ऊसतोडीला जाणारे हात जास्त. अशा मतदारसंघात एका पिकाचा झेंडा घेऊन निघालं तर एक तालुका मागे येतो आणि पाच घरी बसतात. म्हणून आपला प्रश्न असा हवा की त्यात कांदेवालाही आला पाहिजे, कापूसवालाही आला पाहिजे आणि कोयता घेऊन जाणाराही. सरकारने आमचा भाव पाडू नये, रात्रीतून नियम बदलू नये आणि बदललाच तर झालेलं नुकसान भरून द्यावं. ही मागणी उडदालाही लागू आहे आणि लिंबालाही.

कृषी पदवीला आम्हाला माती परीक्षणाचा नमुना घ्यायला शिकवलं. बांधाजवळची माती घ्यायची नाही, झाडाखालची नाही, खताचा ढीग पडला होता तिथली नाही. सगळ्या शेतातून नागमोडी चालत जागोजागची माती घ्यायची, एकत्र करायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि असं करत करत अर्धा किलो ठेवायची. निवडणुकीचा अंदाज आपण नेमका उलटा घेतो. चहाच्या टपरीवर जे चार जण मोठ्याने बोलतात त्यांचा नमुना घेतो. बाया बोलत नाहीत, शेतमजूर बोलत नाहीत, पुण्याला कामाला गेलेली पोरं तिथे नसतात. मग निकालाच्या दिवशी आपल्याला धक्का बसतो.

थोड्या मतांची किंमत

माझ्या एका मताने काय होतं, असं म्हणणाऱ्यांसाठी दोन आकडे देतो. पारनेर विधानसभेत नोव्हेंबर २०२४ ला काशिनाथ दाते निवडून आले ते १,५२६ मतांनी. कर्जत-जामखेडला रोहित पवार आले ते १,२४३ मतांनी. पारनेरमध्ये तीन लाखांवर मतदार आणि शंभराहून जास्त गावं आहेत. गावागणिक वाटून बघा, पंधरा मतंही होत नाहीत. आणि मत इकडचं तिकडे गेलं की फरक दुपटीने पडतो, म्हणजे ७६४ माणसांनी विचार बदलला असता तरी निकाल बदलला असता. असं हे एकच लहान गाव आणि शेजारची एक वाडी. हे मी दातेंच्या बाजूने किंवा विरुद्ध सांगत नाही. जो जिंकला त्यालाही हा आकडा माहीत आहे आणि जो हरला त्यालाही. आपल्यालाच तो माहीत नसतो.

आता कोणाचं मत पेटीपर्यंत पोचतच नाही ते बघा. त्या वर्षी गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू करायचं ठरलं आणि मतदान २० नोव्हेंबरला. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड मजुरांनी काय करायचं? मुकादमाची उचल घेतलेली, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर निघालेला. सैन्यातल्या जवानाला टपालाने मत देता येतं, निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्याला देता येतं. फडातल्या मजुराला देता येत नाही. गावातली शंभर माणसं फडात गेली की त्या गावाचं राजकारण उरलेल्यांच्या हातात जातं. ऊसतोड मजुरांचं मत हा शेतकरी संघटनेचा प्रश्न नाही, असं जो म्हणेल त्याला मी विचारीन, तो मजूर कोण आहे? त्याच्याही नावावर दोन एकर कोरडवाहू आहेच ना?

रेघ कोण ओढतो

तिसरं पान सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि त्याचीच चर्चा गावात सगळ्यात कमी होते. मतदारसंघाच्या सीमा.

आपला नगर तालुका घ्या. तालुका एक, तहसील एक, पंचायत समिती एक. पण विधानसभेला तालुक्याची गावं पारनेर, श्रीगोंदा आणि राहुरी अशा तीन मतदारसंघांत वाटलेली आहेत. हिवरे बाजारचं मत पारनेरला जातं. २००८ च्या पुनर्रचनेत या रेघा ओढल्या गेल्या. तीन आमदार असले म्हणजे तिप्पट काम होतं असं नाही. तिन्ही आमदारांची मुख्य मतं दुसऱ्या तालुक्यात असतात, म्हणून नगर तालुक्याचं गाऱ्हाणं तिघांच्याही यादीत खाली राहतं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तर घरं तीन आहेत.

त्याच पुनर्रचनेत राज्यात काय झालं तेही ऐका. जागा २८८ च राहिल्या, पण ठाणे जिल्ह्याच्या १३ च्या २४ झाल्या. पुण्याच्या १८ च्या २१. आणि कमी कुठे झाल्या? कोल्हापूरच्या १२ च्या १०, साताऱ्याच्या १० च्या ८, रत्नागिरीच्या ७ च्या ५. यात कोणाचा कट नव्हता. लोकसंख्येप्रमाणे जागा द्यायच्या, हा नियमच आहे आणि एका माणसाला एक मत हे तत्त्व आपल्यालाही मान्य आहे. पण परिणाम ओळखा. शेती परवडत नाही म्हणून गावचं पोरगं कळंबोलीला किंवा भोसरीला गेलं. त्याच्याबरोबर गावची जागाही गेली. शेतीमालाचा भाव पाडला की आधी माणूस जातो आणि मागोमाग प्रतिनिधी जातो. मग भाव पाडणं आणखी सोपं होतं.

राज्याराज्यांना मिळणाऱ्या लोकसभेच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेल्या आहेत. १९७६ साली २००१ पर्यंत गोठवल्या, मग २००१ सालच्या ८४ व्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून जनगणना करण्याचं राजपत्र जून २०२५ मध्ये निघालं. २०२३ सालच्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेत आणि विधानसभेत बायांना एक तृतीयांश जागा ठेवल्या, त्याही जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेशी बांधल्या. मायबहिणींनो, पंचायतीत निम्म्या जागांवर आपण बसून दाखवलं आहे. विधानसभेची जागा राखीव झाली की पुढारी आपल्या घरातली बाई उभी करणार, की कांद्याची पट्टी वाचता येणारी बाई उभी राहणार, हे आजच ठरवायला घ्या. त्या दिवशी शोधायला निघालो तर बैल गेला आणि झोपा केला, अशी गत होईल.

मागची पुनर्रचना ज्या २००२ च्या कायद्याने झाली, त्यात रेघा कशा ओढायच्या ते लिहिलं होतं. मतदारसंघ सलग असावा, जमिनीची ठेवण, तालुक्या-जिल्ह्याच्या हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी. कच्चा मसुदा छापायचा, हरकती मागवायच्या, जाहीर सुनावणी घ्यायची. आयोगाला मदत करायला राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार असायचे. त्यांना मताचा अधिकार नव्हता, पण बोलण्याचा होता. म्हणजे पुढाऱ्यांचं म्हणणं आत बसून ऐकलं जायचं. शेतकऱ्याचं म्हणणं कागदावर गेलं तरच ऐकलं जायचं. आणि एकदा अंतिम आदेश निघाला की न्यायालयात जाऊन तो फिरवून आणणं जवळपास अशक्य असतं. हरकतीची मुदत हीच काय ती आपली वेळ. जमिनीची ठेवण बघा, असं कायदाच म्हणतो. मग एका ओढ्याचं, एका कालव्याचं पाणी पिणारी गावं एका मतदारसंघात ठेवा, ही हरकत गावाने का घेऊ नये? पाणलोट ज्याचा एक त्याचा आमदार एक, एवढी साधी मागणी आहे. सगळीकडे ती जमणार नाही. पण जिथे जमेल तिथे तरी मागितली पाहिजे.

हे गठ्ठा मतदान नव्हे

एक शंका मला आत्ताच समोरून ऐकू येते. गावाने मतांचा हिशेब मांडायचा म्हणजे गावपुढाऱ्याने गावाचा गठ्ठा करून विकायचा, तेच ना? नाही. गठ्ठ्यात बोलणी एक माणूस करतो, बंद दाराआड करतो आणि मोबदला त्याच्या घरी जातो. ताळेबंद सगळ्यांसमोर फळ्यावर मांडतात आणि मत ज्याचं त्याने ज्याला द्यायचं त्याला देतात. मतदान गुप्त आहे, ते गुप्तच राहिलं पाहिजे. आजकाल निकाल बूथवार छापला जातो. कोणत्या गावाने किती दिली हे उमेदवाराला दुसऱ्या दिवशी कळतं आणि मग काही ठिकाणी रस्ता अडवला जातो, योजना अडते. अशा वेळी एकटं गाव भीतीने वाकतं. पन्नास गावांनी एकच प्रश्न लेखी विचारला असेल, तर कोणत्या गावाचा रस्ता अडवायचा हे पुढाऱ्याला कळत नाही. एकाच मागणीवर पन्नास गावांच्या सह्या असणं, हेच गावाचं संरक्षण आहे.

पुढच्या बैठकीला येताना

भाषणं पुष्कळ झाली. बोलाचा भात आणि बोलाचीच कढी खाऊन आपण उठायचं नाही. प्रत्येक गावाने पुढच्या बैठकीला चार कागद घेऊन यायचं.

पहिला कागद: गावच्या मतदार यादीची तपासणी. कोणाचं नाव नाही, कोण मयत झालं तरी यादीत आहे, कोणती सून आली तिचं नाव चढलं नाही, किती जण तोडीला किंवा शहराला जातात. शिक्षकाकडे बोट दाखवू नका. दोन पोरं आणि दोन पोरी नेमा, आठ दिवसांत काम होतं.

दुसरा कागद: तीन रकाने पाडा. दिल्ली, मुंबई, गाव. गावाचे प्रश्न त्या त्या रकान्यात लिहा. ज्याचा रकाना ठरत नाही तो प्रश्न बैठकीत आणा, आपण मिळून ठरवू. प्रत्येक रकान्यात तीनच प्रश्न. दहा प्रश्न विचारले की उमेदवार सोपे दोन निवडतो.

तिसरा कागद: आत्ताच्या आमदार-खासदारांनी दिलेल्या आश्वासनांची यादी, तारखेसह. शिव्या नकोत, टोमणे नकोत. काय म्हणाले, केव्हा म्हणाले, काय झालं. वर्षातून एकदा ती त्यांच्याकडे पाठवायची आणि आलेलं उत्तर, किंवा उत्तर आलं नाही हेही, गावात वाचून दाखवायचं.

चौथा कागद: गाव कोणत्या मतदारसंघात आहे, शेजारची गावं कोणत्या, पाणी कुठून येतं, बाजार कोणता, तहसील कोणती याचा साधा हाताने काढलेला नकाशा. पुनर्रचनेचा मसुदा कधीही निघो, हरकत लिहायला तोच कागद लागणार आहे.

कांद्याचं ४० टक्के शुल्क २० वर आलं ते १३ सप्टेंबर २०२४ ला, विधानसभेच्या तोंडावर. उरलेलं २० टक्के गेलं ते १ एप्रिल २०२५ पासून. आधीची बंदी उठली तीही मतदानाच्या तोंडावर. सरकार कोणाचंही असो, निवडणूक जवळ आली की त्याला ऐकू येतं. दोन निवडणुकांच्या मधल्या काळातही ऐकू यावं, यासाठी हे चार कागद आहेत. गावाला परत गेल्यावर रविवार उजाडण्याआधी पहिल्या कागदाला हात घाला. यादी मोठी असते आणि मुदत नेहमी छोटी.